‘सं गच्छध्वम्’ या ऋचेतील शब्दांचे अर्थ कसे लावावेत : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

शाळेच्या प्रार्थनेत, संस्थेच्या वार्षिक सभेत किंवा एखाद्या समारंभाच्या आरंभी ‘सं गच्छध्वं सं वदध्वम्’ ही ऋचा बहुतेक मराठी माणसांनी ऐकलेली असते. अर्थ विचारला तर ‘एकत्र चला, एकत्र बोला’ असे उत्तर चटकन मिळते. परंतु ‘भागम्’ म्हणजे कोणता भाग, ‘उपासते’ या क्रियापदाचा येथे काय संबंध, आणि देवांनी पूर्वी असे काय केले की त्यांचे उदाहरण द्यावे, हे विचारले की पाठांतर असलेली माणसेही थांबतात. संस्कृतशी जुजबी ओळख असलेल्या, पण व्याकरणाचा धाक वाटणाऱ्या वाचकाला ही ऋचा स्वतःच्या बुद्धीने उलगडता यावी, यासाठी हा लेख आहे. कागद, पेन आणि शांत असे दोन तास एवढी तयारी पुरेशी आहे.

आधी पाठ नीट लिहून घ्यावा

ही ऋचा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १९१ व्या, म्हणजे शेवटच्या सूक्तातील दुसरी ऋचा आहे. सूक्तात एकूण चार ऋचा आहेत. ऋषीचे नाव संवनन आंगिरस असे परंपरेने दिलेले आहे. पहिल्या ऋचेची देवता अग्नी आणि उरलेल्या तिन्हींची देवता ‘संज्ञान’, म्हणजे एकमत, अशी सांगितली जाते. मूळ पाठ असा आहे :

सं गच्छध्वं सं वदध्वं सं वो मनांसि जानताम् ।
देवा भागं यथा पूर्वे संजानाना उपासते ॥

हा पाठ पाहून लिहावा, आठवणीतून लिहू नये. आठवणीतून लिहिताना ‘संगच्छध्वं’, ‘संवदध्वं’ असे जोडून लिहिले जाते आणि ‘सं’ हा वेगळा शब्द असल्याची जाणीव तेथेच नाहीशी होते. छंद अनुष्टुभ् आहे. आठ अक्षरांचे चार चरण असतात. प्रत्येक चरणाची अक्षरे बोटांवर मोजून पाहावीत. शेवटच्या चरणात ‘सं-जा-ना-ना-उ-पा-स-ते’ अशी आठ अक्षरे भरतात. येथे ‘संजानानाः’ मधील विसर्ग लोपला आहे, पण ‘ना’ आणि ‘उ’ यांचा पुढे संधी होत नाही. घाईने ‘संजानानोपासते’ असे म्हणणाऱ्याचे एक अक्षर कमी पडते, म्हणून मोजणी ही चूक पकडण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे.

उच्चाराबाबत मराठी जिभेला एक सूचना आवश्यक आहे. ‘जाणणे’, ‘जातो’ या शब्दांत आपण जो दंततालव्य ज उच्चारतो, तो संस्कृतात नाही. ‘जानताम्’ मधील ज ‘जीवन’ मधल्या ज सारखा तालव्य उच्चारावा. तसेच ‘ताम्’ मधील म् पाय मोडलेला आहे. तेथे ओठ मिटले पाहिजेत.

मग पदे सुटी करावीत

आता संधी सोडवून प्रत्येक पद वेगळे लिहावे : सम् । गच्छध्वम् । सम् । वदध्वम् । सम् । वः । मनांसि । जानताम् । देवाः । भागम् । यथा । पूर्वे । संजानानाः । उपासते.

या यादीकडे पाहताच एक प्रश्न पडायला हवा. पहिल्या ओळीत ‘सम्’ तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा क्रियापदापासून सुटा आहे. ‘उपासते’ मधील ‘उप’ मात्र क्रियापदाला चिकटलेला का? याचे उत्तर वेदाच्या स्वरांत आहे. मुख्य वाक्यातील क्रियापद वेदात सामान्यतः अनुदात्त, म्हणजे स्वतःचा उंच स्वर नसलेले असते, आणि त्याच्या आधीचा उपसर्ग स्वतंत्र शब्दासारखा उदात्त, म्हणजे उंच स्वराचा, राहतो. ‘यथा’, ‘यत्’, ‘यः’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात याच्या उलट होते. क्रियापद आपला स्वर राखते आणि उपसर्ग त्याच्यात मिसळतो. स्वरचिन्हांसह छापलेली संहिता हाताशी असेल तर पडताळून पाहावे : ‘गच्छध्वम्’ मध्ये ‘ग’वर उभी रेघ आहे, ती आधीच्या उदात्त ‘सं’मुळे आलेल्या स्वरिताची, म्हणजे उदात्तानंतर उतरणाऱ्या स्वराची, आहे, ‘उपासते’ मध्ये ‘उ’खाली आडवी आणि ‘स’वर उभी रेघ आहे, म्हणजे मधला ‘पा’ उदात्त आहे. पाणिनीने हे दोन्ही नियम आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादात नोंदवले आहेत. नवशिक्याने सूत्रे पाठ करण्याची गरज नाही. पण छापील रेघा शोभेसाठी नसून त्या वाक्याची रचना सांगतात, एवढे समजले तरी वेदाच्या वाचनात मोठा फरक पडतो.

दुसऱ्या चरणासंबंधी दक्षता हवी. ‘सं वो मनांसि जानताम्’ मध्ये ‘सम्’ आणि ‘जानताम्’ यांच्यामध्ये दोन शब्द आले आहेत. वेदात उपसर्ग क्रियापदापासून असा दूर राहू शकतो, पाणिनीचे ‘व्यवहिताश्च’ हे सूत्र (१.४.८२) याचसाठी आहे. त्यामुळे अर्थ लावताना ‘सम्’ला उचलून ‘जानताम्’च्या शेजारी आणावे.

तीन क्रियापदे : येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

ऋचेचा प्राण या तीन क्रियापदांत आहे, आणि प्रचलित भाषांतरात तिघांचाही अर्थ थोडाथोडा पातळ झालेला दिसतो. आधी एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. गम्, वद् आणि ज्ञा हे तीन धातू आपण नेहमी ‘गच्छति’, ‘वदति’, ‘जानाति’ अशा परस्मैपदी रूपांत पाहतो. येथे मात्र तिन्ही आत्मनेपदी, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या प्रत्ययांच्या दुसऱ्या संचातील, आहेत. अनेकवचनी आज्ञार्थ ‘गच्छत’, ‘वदत’ असा व्हायचा, तो ‘गच्छध्वम्’, ‘वदध्वम्’ झाला आहे. हा बदल ‘सम्’च्या संगतीने आणि त्यातून येणाऱ्या अर्थाने झाला आहे. पाणिनी ऋग्वेदानंतरचा आहे, पण भाषेचा हा स्वभाव त्याने अचूक टिपला : सम् लागलेला गम् अकर्मक असताना आत्मनेपदी होतो (१.३.२९), स्पष्ट वाणी असलेल्यांनी एकत्र बोलण्याच्या अर्थी वद् आत्मनेपदी होतो (१.३.४८), आणि सम् किंवा प्रति लागलेला ज्ञा, ओढीने आठवण काढणे हा अर्थ नसेल तर, आत्मनेपदी होतो (१.३.४६). दुसऱ्या सूत्रात ‘स्पष्ट वाणी असलेल्यांनी’ ही अट का घातली, हे दाखवण्यासाठी व्याकरणकार कोंबड्यांचे उदाहरण देतात. कोंबडे एकाच वेळी आरवतात, तरी त्यांच्यासाठी परस्मैपदी ‘संप्रवदन्ति’ असेच म्हणायचे. एकाच वेळी आवाज काढणे आणि माणसांनी शब्द उच्चारून एकत्र बोलणे यांत भाषेने भेद केलेला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता एकेक क्रियापद घेऊ.

सम् + गम् याचा अर्थ ‘एकत्र येणे, भेटणे, मिळणे’. कोशात केवळ ‘गम्’ पाहून थांबू नये, ‘संगम्’ ही नोंद काढावी. ‘एकत्र चला’ या भाषांतराने डोळ्यांसमोर एका दिशेने निघालेला जथा उभा राहतो. संस्कृत शब्दाने उभे राहते ते निरनिराळ्या दिशांनी आलेल्यांचे भेटणे. मराठी माणसाला हे समजावण्यासाठी ‘संगम’ हा एक शब्द पुरतो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या ठिकाणाला प्रीतिसंगम म्हणतात. दोघींचे उगम वेगळे, वाटा वेगळ्या, आणि तरीही भेट खरी. म्हणून ‘एकत्र या’ असे भाषांतर करावे, असे माझे मत आहे.

सम् + वद् याचा अर्थ लावताना मतभेद होऊ शकतो आणि तो लपवू नये. चौदाव्या शतकातील भाष्यकार सायणाचार्य ‘परस्परविरोध सोडून एकाच प्रकारचे वचन बोला’ असा आशय देतात. आजचा मराठी वाचक ‘संवाद’ या शब्दावरून ‘एकमेकांशी बोला’ असा अर्थ घेतो. संस्कृतात ‘संवाद’ शब्दाला संभाषण आणि जुळणे, मेळ बसणे, असे दोन्ही अर्थ आहेत. या दुसऱ्या अर्थाची आठवण आपल्या संगीताने जपली आहे. यमन रागात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि निषाद संवादी मानला जातो. निषाद हा गंधार नव्हे, तो वेगळा स्वर आहे, पण गंधाराशी त्याचे जुळते. ज्याचे जुळत नाही तो विवादी. ‘सं वदध्वम्’ मध्ये हा जुळण्याचा अर्थ मुख्य आहे, असे मी मानतो. सायणांचा अर्थ त्याच्या जवळचाच आहे. मात्र ‘सगळ्यांनी एकच वाक्य म्हणा’ असा त्याचा टोकाचा अर्थ काढणाऱ्याने ‘विरोध सोडून’ हा भाष्यातील भाग आधी वाचावा.

सम् + ज्ञा हे तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे क्रियापद. ‘जानताम्’ हे ज्ञा धातूचे आत्मनेपदी आज्ञार्थाचे तृतीय पुरुषी अनेकवचन आहे, आणि त्याचा कर्ता ‘मनांसि’, म्हणजे ‘मने’, हा आहे. येथे नवशिके हमखास अडखळतात. ‘जाणता’ हा मराठी शब्द कानात असतो, त्यातच ‘जानताम्’ हे ‘जाणणाऱ्यांचे’ असे षष्ठीचे अनेकवचनही होऊ शकते, म्हणून कोणी ‘जाणत्यांची मने’ असा अर्थ करतो. तो येथे बसत नाही, कारण मग चरणाला क्रियापदच उरत नाही. शिवाय येथे हा शब्द अनुदात्त आहे आणि तसा स्वर क्रियापदालाच शोभतो. सम् + ज्ञा चा अर्थ ‘एकमेकांना ओळखून असणे, एकमत होणे, सलोख्याने असणे’. मराठीतील ‘संज्ञा’ शब्द याच घटकांपासून झाला, पण तो आज ‘परिभाषेतील नाव’ किंवा ‘शुद्ध, जाणीव’ या अर्थाने वापरला जातो, म्हणून त्याचा आधार घेऊ नये. ‘जाणणे’ हे मात्र आपले खरे नातेवाईक क्रियापद आहे. ‘तुमची मने एकमेकांना जाणून एकमत होवोत’ असे म्हटले तर धातूचा मूळ अर्थ आणि उपसर्गाचा अर्थ दोन्ही राहतात.

‘वः’ हा छोटा शब्द ‘तुमचे, तुम्हांला, तुमच्यासाठी’ अशा तीन अर्थांनी येतो. येथे षष्ठीचा ‘तुमची’ हा अर्थ आहे. ‘मनांसि’ अनेकवचनी आहे, हेही अधोरेखित करून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

उत्तरार्ध : देव, भाग आणि बसणे

दुसऱ्या ओळीचा अन्वय, म्हणजे गद्याच्या क्रमाने पदांची मांडणी, असा मांडावा : यथा पूर्वे देवाः संजानानाः भागम् उपासते. अन्वय लिहिल्याशिवाय अर्थाकडे वळू नये, कारण मुळात ‘देवा भागम्’ हे दोन शब्द शेजारी आल्यामुळे ‘देवांचा भाग’ असे वाटून जाते. ‘देवा’ हे ‘देवाः’ आहे, प्रथमेचे अनेकवचन. मृदू व्यंजनापुढे विसर्ग लोपला आहे. मराठीतील ‘देवा!’ या हाकेशी त्याचा गोंधळ करू नये.

‘पूर्वे’ हे सप्तमीचे एकवचन नसून ‘देवाः’चे विशेषण आहे, ‘पूर्वीचे’ या अर्थी पुल्लिंगी प्रथमेचे अनेकवचन. ‘सर्व’चे जसे ‘सर्वे’, तसे ‘पूर्व’चे ‘पूर्वे’. हे रूप मराठी घरांना अनोळखी नाही. आरतीनंतर मंत्रपुष्पांजलीत आपण ‘यत्र पूर्वे साध्याः सन्ति देवाः’ म्हणतो. तेथेही ‘पूर्वे’ आणि ‘देवाः’ यांची अशीच जोडी आहे, आणि तीही ऋग्वेदातलीच आहे. गणपतीच्या दिवसांत वर्षानुवर्षे म्हटलेल्या शब्दाचे व्याकरण असे अवचित हाती लागते, तेव्हा शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो.

‘संजानानाः’ हे त्याच सम् + ज्ञा चे वर्तमानकालवाचक विशेषण आहे : ‘एकमत असलेले, एकमेकांना जाणून असलेले’. पहिल्या ओळीत माणसांच्या मनांकडे जे मागितले, तेच दुसऱ्या ओळीत देवांच्या ठिकाणी आहे असे दाखवले आहे. या दोन शब्दांच्या खाली एकाच रंगाची रेघ मारावी. ऋचेचे दोन्ही अर्ध कोठे सांधले आहेत ते दिसते.

‘उपासते’ या शब्दापाशी दोन खड्डे आहेत. पहिला वचनाचा. शेवटी ‘ते’ पाहून अनेकजण हे एकवचन समजतात. आस् धातूचे एकवचन ‘आस्ते’ आणि अनेकवचन ‘आसते’ असे आहे. म्हणून ‘उपास्ते’ एक जण, ‘उपासते’ अनेक. दुसरा खड्डा अर्थाचा. उप + आस् म्हणजे अक्षरशः ‘जवळ बसणे’; ‘आसन’ याच धातूपासून आले. जवळ बसण्यातून सेवा करणे, पूजा करणे हे अर्थ आले आणि आपली ‘उपासना’ तेथून निघाली. पण देव कोणाची उपासना करणार? म्हणून येथे ‘पूजा करतात’ हा अर्थ बाजूला ठेवून मूळ अर्थाकडे जावे लागते : देव आपल्या भागापाशी येऊन बसतात, म्हणजे तो स्वीकारतात. जाता जाता, मराठीतील ‘उपास’ या शब्दाचा येथे संबंध नाही. तो ‘उपवास’पासून आला, आणि त्यात आस् नसून वस् हा धातू आहे.

राहिला ‘भागम्’. यज्ञात निरनिराळ्या देवतांना हविर्द्रव्याचा जो अंश दिला जातो तो भाग. भज् म्हणजे वाटणे. ‘विभागणी’, ‘भागीदार’, गणितातला ‘भागाकार’ हे सगळे त्याच कुळातले. मूळात ‘भागम्’ एकवचनी आहे आणि ‘आपापला’ असा शब्द तेथे नाही. पण सायण ‘यथास्वम्’, म्हणजे ‘ज्याचा त्याचा’, असे स्पष्ट करतात आणि यज्ञाची रीत पाहता ते योग्यच आहे. इंद्राचा वाटा इंद्राला, अग्नीचा अग्नीला. ज्या ऋचेला आपण एकीचे गीत म्हणतो, तिच्यातील एकमेव उदाहरण वाटणीचे आहे, ही गोष्ट नीट मनात मुरू द्यावी. वाटणीच्या वेळीच भांडण होते, हे शेताच्या बांधावरून किंवा घराच्या खोल्यांवरून भाऊबंदकी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. देव मात्र आपला भाग घेतानाही ‘संजानानाः’ आहेत.

शिकवताना मी येथे पंगतीचे उदाहरण देतो. ते ऋचेतले नाही, माझे आहे, हेही सांगतो. पंगतीत सगळे एका ओळीत बसतात, एका वेळी जेवायला सुरुवात करतात, पण प्रत्येकाचे पान वेगळे असते. शेजाऱ्याच्या पानात हात घालणे म्हणजे एकी नव्हे, आणि आपले पान उचलून घरी जाणे म्हणजेही नव्हे.

शेजारच्या ऋचांनी आपला अर्थ तपासावा

एका ऋचेचा अर्थ लावून झाला की सूक्तातील उरलेल्या ऋचांशी तो ताडून पाहावा. पहिली ऋचा अग्नीला उद्देशून आहे आणि ‘संसमित्’ अशा दुहेरी सम् ने सुरू होते; अग्नी सगळे एकत्र आणणारा आहे, हा तिचा भाव. त्या ऋचेतील ‘इळस्पदे’ या शब्दात आपला ळ भेटतो.

तिसरी आणि चौथी ऋचा मात्र सावकाश वाचाव्यात, कारण माझ्या वरच्या अर्थावर खरा आक्षेप तेथूनच येऊ शकतो :

समानो मन्त्रः समितिः समानी समानं मनः सह चित्तमेषाम् ।
समानं मन्त्रमभि मन्त्रये वः समानेन वो हविषा जुहोमि ॥
समानी व आकूतिः समाना हृदयानि वः ।
समानमस्तु वो मनो यथा वः सुसहासति ॥

दोन ऋचांत ‘समान’ हा शब्द वेगवेगळ्या रूपांत आठ वेळा येतो. मराठीत समान म्हणजे सारखा, बरोबरीचा. म्हणून ‘सगळ्यांची मने सारखी असावीत’ असा अर्थ होतो आणि मग ही ऋचा सर्वांना एका साच्यात घालते की काय, अशी शंका येते. शंका रास्त आहे, आणि ती दूर करायची तर ‘समान’ शब्द ऋग्वेदात अन्यत्र कसा येतो ते पाहावे. पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात दोन पक्ष्यांची प्रसिद्ध ऋचा आहे : ‘द्वा सुपर्णा सयुजा सखाया समानं वृक्षं परि षस्वजाते’. दोन पक्षी ‘समान’ झाडाला बिलगून आहेत. येथे झाड सारखे नाही. झाड एकच आहे आणि ते दोघांचे आहे. पक्षी मात्र वेगळे वागतात, एक फळ खातो आणि दुसरा न खाता पाहतो. म्हणजे वैदिक ‘समान’चा मुख्य अर्थ ‘सामाईक’. विहीर सामाईक असते, भिंत सामाईक असते, तसा येथे मंत्र सामाईक आहे, समिती सामाईक आहे. ‘समाना हृदयानि’ मध्ये हृदये अनेकवचनीच राहिली आहेत, दुसऱ्या ऋचेतील ‘मनांसि’ सारखीच. ‘समानं मनः’ येथे मन एकवचनी झाले आहे, हे मी नाकारत नाही; ऋषीची मागणी तेथे अधिक गाढ होते. परंतु ते मन ‘वः’, तुम्हा अनेकांचे, सामाईक मन आहे, आणि अनेक उरले तरच सामाईक या शब्दाला अर्थ राहतो.

याच ऋचांतील आणखी दोनतीन शब्द मराठी वाचकाला चकवतात. ‘मन्त्र’ म्हणजे येथे केवळ जपायचा मंत्र नव्हे. विचारविनिमय, मसलत हा अर्थ घ्यावा, जो ‘मंत्रणा’ आणि ‘मंत्री’ या शब्दांत टिकून आहे. ‘समिति’ म्हणजे नेमलेली पाचसात माणसांची समिती नव्हे. सम् + इ, म्हणजे एकत्र जाणे, त्यावरून लोकांचा मेळावा, सभा. ‘आकूति’ म्हणजे मनातला हेतू, संकल्प. आणि ‘सुसहासति’ हा शब्द ‘सुसह’ आणि ‘असति’ असा सोडवावा. या ‘असति’ला ‘नसताना’ असे समजू नये. हे अस् धातूचे लेट् लकारातील रूप आहे, ‘असावे, होईल’ अशा अर्थाचे, आणि हा लकार पुढच्या संस्कृतातून नाहीसा झाला, म्हणून शाळेच्या व्याकरणात तो सापडत नाही. ‘सुसह’चा अर्थ सायण ‘चांगले साहित्य’ असा देतात. येथे साहित्य म्हणजे ‘सहित’ असण्याची अवस्था, सोबत असणे. आज प्रचलित असलेल्या शाकल संहितेचा, म्हणजे १०२८ सूक्तांच्या संपूर्ण ऋग्वेदाचा, शेवट याच शब्दाने होतो.

दुसऱ्या वेदातील पाठ शेजारी ठेवावा

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील ६४ व्या सूक्तात हीच ऋचा थोड्या फरकाने येते : ‘सं जानीध्वं सं पृच्यध्वं सं वो मनांसि जानताम्’. पुढचा अर्ध तोच आहे. येथे एकत्र येणे आणि बोलणे यांच्या जागी ‘एकमेकांना जाणा, एकमेकांशी संपर्कात या’ असे शब्द आहेत. ‘पृच्’ हाच धातू आपल्या ‘संपर्क’ शब्दात आहे. पुढच्या ऋचेत ‘समानं मनः’च्या ठिकाणी ‘समानं व्रतम्’ असा पाठ आहे. पाठभेद दिसला की कोणता बरोबर असा वाद घालत बसू नये. दोन्ही पाठ मिळून शब्दाच्या अर्थाची कक्षा दाखवतात, असे समजून दोन्ही वहीत लिहावेत.

सायणभाष्यासह ऋग्वेद पाहायचा असेल तर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात काढलेली पाच खंडांची आवृत्ती मोठ्या ग्रंथालयांत मिळते. भाष्य प्रथम वाचताना कठीण वाटते, पण या ऋचेवरचे भाष्य काही ओळींचेच आहे, आणि वरची पदे समजलेल्या माणसाला ते जवळजवळ संपूर्ण कळते. भाष्य वाचण्याचा आरंभ करायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

आता स्वतःचे भाषांतर लिहावे

इतके झाल्यावर, कोणाचेही भाषांतर समोर न ठेवता, आपले भाषांतर दोन टप्प्यांत लिहावे. पहिल्या टप्प्यात शब्दाला शब्द ठेवावा, मराठी ओबडधोबड झाली तरी चालेल. दुसऱ्या टप्प्यात मराठी वाक्य नीट करावे आणि आपण बाहेरून घातलेला प्रत्येक शब्द कंसात ठेवावा, म्हणजे मुळात काय आहे आणि आपले काय आहे हे वेगळे राहील. माझ्या वहीतले असे आहे : ‘एकत्र या, जुळवून बोला, तुमची मने एकमेकांना जाणून एकमत होवोत, जसे पूर्वीचे देव एकमताने (आपापल्या) भागापाशी बसतात.’ ‘हे जनहो’ असे संबोधन मी घातलेले नाही, कारण ऋचेत ते नाही. सायण हे शब्द स्तोत्यांना उद्देशून आहेत असे मानतात. ‘बसतात’ हा वर्तमानकाळही मी बदललेला नाही. देव पूर्वीचे असूनही क्रियापद वर्तमानकाळी आहे, तेव्हा ‘बसत असत’ असे करण्याचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील ३० वे सूक्त घ्यावे. ते घरातल्या माणसांच्या सलोख्याचे सूक्त आहे. त्याच्या पहिल्याच ऋचेत, नुकत्याच जन्मलेल्या वासरावर गाय जसे प्रेम करते तसे एकमेकांवर करा, असे सांगितले आहे. सहाव्या ऋचेत ‘समानी प्रपा सह वोऽन्नभागः’ असे शब्द आहेत, आणि तिच्या शेवटी चाकाच्या तुंब्याभोवती बसवलेल्या आऱ्यांची उपमा आहे. ‘प्रपा’ म्हणजे पाणपोई. ‘समानी’, ‘सह’, ‘वः’ आणि ‘भागः’ हे चारही शब्द आता ओळखीचे झाले आहेत, म्हणून या ऋचेपासून सुरुवात करावी आणि कोश उघडण्यापूर्वी तिचा अन्वय स्वतः लिहून पाहावा.